दगडांची आंघोळ

परदेशातल्या बैठका आटोपून ताई परतली ती विमानतळावरून थेट शेडवरच. बॅग गाडीत राहिली, तोंडावर पाणी मारायचं राहिलं, आईला ‘पोचले’ म्हणून फोन करायचाही राहिला. सारा आठवडा ती थंडगार हॉलमधल्या लखलखीत दिव्यांखाली उभी राहून एकच गाणं गात होती: आमच्या समुद्राखाली तेल असावं, वायू असावा, या, बघा, पैसा घाला, खणून पाहा. समोरचे माना डोलवायचे, बिस्किटं खायचे, हातावर कार्ड ठेवायचे आणि शेजारच्या देशाच्या टेबलाकडे सरकायचे. एकाच कंपनीनं म्हटलं, ‘दगड बघायला येतो.’ कोळी धाग्याला लटकावा तशी तेवढ्या शब्दांना लटकत ती परत आली होती.

दगड म्हणजे कोअर. फार वर्षांपूर्वी कुणा कंपनीनं या किनाऱ्यासमोर एक विहीर खणली होती. खणताना समुद्रतळाच्या खालून दगडाच्या लांब गोल कांड्या अखंड वर काढतात, वरची बाजू कुठली, खालची कुठली त्याच्या खुणा करतात आणि पेट्यांत भरतात. ती कंपनी काही न बोलता निघून गेली, कांड्या मागे राहिल्या. तेल खात्यानं त्या बंदराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवल्या. खात्यातल्या बाकी कुणाला त्यांची आठवण नसे. ताईला मात्र करमेनासं झालं की ती इथे यायची. पेटीचं झाकण काढलं की जुन्या रॉकेलसारखा, ओल्या चिंधीसारखा एक हलका वास यायचा. आलेख काहीही सांगोत, त्या वासावर तिचा जीव होता.

आज दार ढकललं आणि नाकात साबण शिरला.

“या ताई, या!” स्टोअरकीपर मामा पांढराशुभ्र शर्ट घालून पुढे आले. “ओळखू येतंय का बघा आपलं घर!”

ओळखू येत नव्हतं. फरशी ओली, पेट्या पुसलेल्या, आणि वर्षानुवर्षांचं मीठ, गाळ, तेलकट डाग अंगावर वागवणाऱ्या त्या कांड्या न्हाऊन-माखून, भांग पाडून बसवलेल्या पोरांसारख्या ओळीनं मांडलेल्या.

“मामा, हे काय केलंत?”

“आंघोळ घातली.”

“कशानं?”

“कपड्यांच्या पावडरीनं. साधी नाही हं, भारीतली, निळ्या दाण्यांची. दोघी बायका मदतीला घेतल्या, ब्रश मी स्वतः धरला. एकेका दगडाची पाठ चोळली. काय मळ निघाला म्हणता! तपकिरी, चिकट, हाताचा सुटेना. टाकीतलं पाणी संपलं म्हणून मनासारखं खळबळता नाही आलं. पण दिसतंय ना?”

तो मळ बघायलाच तर लोक समुद्र ओलांडून येत होते.

“पण सांगितलं कुणी तुम्हाला?”

मामांचा चेहरा उतरला. “तुम्हीच की. फोनवर. म्हणालात, मामा, मोठे पाहुणे येतायत, शेड अशी ठेवा की कुणाच्या हाताला धूळ लागता कामा नये.”

म्हणाली होती. दोन बैठकांच्या मधल्या घाईत, एका जिन्यावरून उतरता उतरता. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरायचं, हे ती आईकडून शिकली होती आणि मामा त्यांच्या आईकडून. दगडाला आवरायचं नसतं, हे सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“खुणा तरी राहिल्यात का?”

“त्या नाही घासल्या. तेवढं कळतं मला. वरची बाजू वर, खालची खाली. एक कांडी इकडची तिकडे नाही.” मग हलकेच, “काही चुकलं का ताई?”

“नाही मामा,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी धाकटा हातात पान्हा घेऊन उभा होता. तिचा हा भाऊ दूरच्या समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर ड्रिलर होता. महिनाभर पाण्यावर, महिनाभर घरी. घरी आला की त्याला जमीन सोसत नसे. पलंग हलत नाही म्हणून झोप येत नाही म्हणायचा, आणि जागेपणी घरभर फिरून नळ आवळायचा, स्क्रू पिळायचा, बिजागऱ्यांना तेल पाजायचा.

“अरे, त्या नळाचा गळा आवळून जीव घेशील एक दिवस,” आई म्हणाली. आईला बोलता बोलता ओळी जुळवायची सवय होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं सूर लावला:

दारं बोलायची माझी, केली मुकी त्यानं सारी,
तेल पाजलं बिजागरी, कसं कळावं कोण दारी?

“कोण येणार आहे दारी? मीच येतो नि मीच जातो,” धाकटा हसला आणि ताईकडे वळला. “काय गं, आणलंस का एखादं गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक नाही म्हणायचं. गुंतवणूकदार.”

“बरं, गुंतवणूकदार. गुंतला का?”

“उद्या बघायला येतोय.”

“म्हणजे स्थळ आलंय म्हण की! मुलगी नीट नटवलीये ना?”

“आजच न्हाऊन बसलीये,” ताई म्हणाली, आणि तिला हसूही आवरेना, रडूही आवरेना.

त्यानं पान्हा खाली ठेवला. “मस्करी राहू दे. तिकडच्या कंपनीनं नवा करार पाठवलाय. तीन वर्षांचा. आता महिना-महिना नाही, लांबलांबच्या पाळ्या. या आठवड्यात हो किंवा नाही कळवायचंय. पण आपल्या समोरच्या पाण्यात कुणी खणायला येणार असेल, तर मला इथेच उभं राहायचंय ताई. तू ‘हो’ म्हण, मी तिकडे ‘नाही’ कळवतो.”

“मी कशी सांगू रे?”

“तू नाही तर कोण? पाहुणे आलेख बघतात त्या खोलीत तूच बसतेस ना?”

घडी घातलेला शर्ट आईनं उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून दोघं आले. पांढऱ्या आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या थोरल्या बाई, आणि त्यांच्या हाताखालचा एक तरुण, ज्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. बाई डेटा रूममध्ये बसल्या. समुद्रात आवाज सोडायचा, तळाखालून उलटून आलेला प्रतिध्वनी टिपायचा, आणि त्यावरून पोटात काय दडलंय ते ताडायचं; त्या प्रतिध्वनींचे आलेख त्या पडद्यावर सरकवत राहिल्या. त्या खोलीचा एक अलिखित नियम होता, खात्यातल्या सगळ्यांनी पाळलेला: विचारलं तेवढंच सांगायचं. आपण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. कुठे थांबले, कुठे भुवई हलली, कुठे एकमेकांकडे पाहिलं. चहा गार झाला की ब्लॉक गरम, अशी खात्यातली म्हणच होती; ब्लॉक म्हणजे लिलावाला काढलेला समुद्राचा तुकडा. बाईंनी चहा वाफ असतानाच संपवला. ताईनं रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

तरुणाला शेड बघायची होती. ती त्याला घेऊन गेली. शेडच्या टोकाला काळ्या पडद्यांची एक खोली होती आणि तिथे यूव्ही दिवा; मामा त्याला जांभळा दिवा म्हणत. अंधारात हा दिवा धरला की तेल प्यालेला दगड आपणहून उजळतो. जड तेल मळकट तपकिरी उजळतं, हलकं पिवळं, आणि सगळ्यांत हलकं, ज्याच्यासाठी कंपन्या जीव टाकतात, ते निळसर पांढरं.

तरुणानं एक कांडी पेटीतून उचलली, दिवा जवळ नेला आणि ओरडलाच. दगडावर निळं चांदणं पसरलं होतं. दुसरी कांडी, तेच. तिसरी, तेच. ताई आणखी जवळ वाकली. इतकी वर्षं हे धुळीखाली झाकलेलं होतं का? मामांनी धुतलं म्हणून दिसलं? वेड्यासारखा आनंद तिच्या पायातून वर चढत गेला. तरुण फोटोवर फोटो काढत होता, स्वतःशीच काही पुटपुटत होता.

तेवढ्यात पडदा हलला. “चहा आणू का पाहुण्यांना?”

अंधारात मामांचं तोंड दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते. दिसत होता नुसता शर्ट. तरंगणारा, निळसर पांढरा, हुबेहूब दगडासारखा.

“मामा,” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, “हा शर्ट कशानं धुतलात?”

“त्याच पावडरीनं. उरली होती ना थोडी.”

तरुणाची पाठ होती, डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता, आणि मामांची भाषा त्याला येतही नव्हती. कापड पांढरं दिसावं म्हणून त्या पावडरीत जे काही घालतात, ते दगडाच्या बारीक भोकांत मुरलं होतं आणि आता चमकत होतं. खात्री करायची सोय नव्हती. तेल दगडातून सुटून येतं का हे पाहायचं एक रसायन असतं. शेडमधली त्याची बाटली केव्हाच उडून कोरडी झाली होती. आणि करार झाल्याशिवाय कांडीचा कणही देशाबाहेर न्यायचा नाही, असा कायदा. म्हणजे कंपनीच्या मुख्यालयाला दिसणार होते ते फक्त हे फोटो.

संध्याकाळी ती संचालकसाहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

“दगड धुतलेत का, असं त्यांनी विचारलं?” साहेब म्हणाले.

“नाही.”

“मग तुम्ही कशाला सांगताय?”

“ते निळं साबणाचं आहे, सर.”

“सगळं?”

“बहुतेक सगळं.”

“बहुतेक! म्हणजे खात्री तुम्हालाही नाही.” साहेब उठले, खिडकीपाशी गेले, तिथून टेबलाशी, टेबलापासून पुन्हा खिडकीशी. “मॅडम, लिलावाच्या मागच्या फेरीत कॅमेऱ्यांसमोर मी निविदांची पेटी उघडली. हात आत घातला. कोपरापर्यंत घातला. काही लागेना. तो हात बाहेर कसा काढायचा, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात, सांगा मला.”

तो हात टीव्हीवर ताईनंही पाहिला होता.

“देश वाढतोय. रोज नवा कारखाना, नवी वस्ती. सगळ्यांना वीज पाहिजे, वायू पाहिजे, आणि आपण तो दुसऱ्याच्या जहाजातून आणतोय. एक कंपनी आली की तिच्यामागे दुसरी येते. पहिलीला यायला निमित्त लागतं. साबण तर साबण!”

“आणि खणल्यावर?”

“खणल्यावर दगड जाणे नि ते जाणोत. तज्ज्ञ आहेत ना? आपल्यापेक्षा शहाणे आहेत. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. हसतमुखानं निरोप द्या.”

घरी पोचली तर धाकटा उंबऱ्यातच. “काय झालं?”

सगळं सांगायचं ठरवूनच ती आली होती. पण त्याच्या मागे आई उभी होती, ओल्या हातांनी, हात पुसायचे विसरून. ताईच्या तोंडून निघालं ते एवढंच: “दगड उजळला.”

खोटं नव्हतं ते.

“कुठला रंग?”

“निळा.”

“निळा!” त्यानं आईला कमरेला धरून उचललंच. “आई, निळा उजळला! आता मी कुठे जातोय!”

“अरे सोड, पडेन, मेल्या!” आई हसता हसता ओरडली, आणि खाली टेकल्या टेकल्या तिला ओळी सुचल्या:

समोरच्या पाण्यावर दिवा दिसेल बाळाचा,
हाक मारीन दारातून, नको निरोप वाऱ्याचा.

ताटावर बसल्यावर ताईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “रिगवर विहीर कोरडी निघाली की काय होतं रे?”

“काय व्हायचंय? काही होत नाही, हेच होतं. सगळ्यांत आधी स्वयंपाकी गप्प होतो. मग आपणच पाडलेलं भोक आपणच सिमेंट ओतून बुजवायचं. सगळे हळू बोलतात, मयतीहून आल्यासारखे.” त्यानं घास घेतला. “पण त्याचं एवढं वाईट नाही वाटत. शोधायला निघालं की कोरडं लागायचंच. एकदा मात्र मागाहून कळलं, वरच्या कुणाला तरी ते आधीच ठाऊक होतं. तेव्हा हात लिव्हरवर चढेना माझा. आम्ही तिथे उन्हात, वाऱ्यात, जिवावर उदार होऊन, आणि हा कुठेतरी खुर्चीत बसून गप्प.” मग तिच्या ताटाकडे बघत, “तू जेवत का नाहीस?”

“भूक नाही.”

“आनंदानं पोट भरलं हिचं,” आई म्हणाली.

रात्र कूस बदलण्यात गेली. सकाळी ती उठली तेव्हा धाकटा हॉलमध्ये शीळ घालत दाराची कडी दुरुस्त करत होता.

शेडवर तरुण तिची वाटच बघत होता. मुख्यालयातून उत्तर आलं होतं, फोटो सगळ्यात वरच्या माणसापर्यंत गेले होते, सगळे खूश होते. बाई मात्र पेट्यांमधून चालत होत्या, हात मागे बांधून.

“बाई,” ताई म्हणाली, “एक दाखवायचंय. तुम्ही विचारलेलं नाही. तरी.”

काळ्या पडद्यांच्या खोलीत तिनं जांभळा दिवा लावला. कांडी निळी उजळली. मग तिनं हाक मारली, “मामा, जरा आत या.”

“मी? मी कशाला ताई, मी आपला बाहेर…”

“या हो.”

मामा चोरासारखे आत आले, आणि अंधारात त्यांचा शर्ट दगडाशेजारी उजळून उभा राहिला. त्याच रंगात. बाहेर बंदरावर क्रेनचा कर्र असा आवाज झाला आणि थांबला.

मग अंधारातून बाईंचा कोरडा आवाज आला, “यांच्यातही तेल आहे का?”

“काय म्हणतायत त्या?” मामांनी घाबरत विचारलं.

“तुमच्यात तेल आहे का विचारतायत.”

“या वयात कुठलं तेल ताई? केव्हाच सरलं म्हणावं.”

तिनं तसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या, मनापासून. तरुण हसला नाही. तो एका पेटीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, “मी फोटो पाठवलेत.” जरा थांबून पुन्हा तेच म्हणाला.

“कुणी धुतले?” बाईंनी विचारलं.

“माझ्या सांगण्यावरून.”

“वरचं गेलं मग. आतलं?” आणि काळा पडदा सारून बाईंनी बाहेर भिंतीवर टांगलेल्या हातोडीकडे पाहिलं.

कांडी फोडायची तर संचालकांची सही लागते. सही मागायला गेली असती तर मिळाली नसती, आणि दुपारी पाहुण्यांचं विमान होतं. ताईनं हातोडी काढली, कांडी लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि घाव घातला. मामांनी डोळे मिटून घेतले. आत राखाडी, कोरडा दगड. दुसरी फोडली. तीही तशीच. हातोडी आता हातात जड झाली होती, आणि तिच्या मनात आलं, की काहीच नसेल तर? वास म्हणजे नुसता जुन्या लाकडाचा, जुन्या चिंध्यांचा असेल तर? एवढी वर्षं मी गायलेलं गाणं सगळं खोटंच असेल तर?

खालच्या ओळीतली एक पेटी होती, तिचं झाकण काढलं की वास जरा जास्त यायचा. तिच्यातली कांडी तिनं घेतली. घाव चुकला, अंगठ्याला खरचटलं. दुसऱ्या घावाला दगड उभा चिरला गेला.

आत बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा होता, आणि वास. जांभळ्या दिव्याखाली नेला तर तो निळा उजळला नाही. पिवळट, गढूळ, जुन्या मधासारखा कसाबसा उजळला.

बाईंनी तुकडा नाकाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग तरुणाला दिला. तरुणानं हुंगून मामांना दिला. मामांनी वास घेतला आणि ओशाळून म्हणाले, “हाच तो मळ.”

“फार नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही,” ताई म्हणाली.

बाईंनी पट्ट्याची रुंदी मोजली, पेटीवरची खोली टिपून घेतली आणि उरलेल्या वेळात त्याच्या वरच्या-खालच्या कांड्या भिंगातून बघत बसल्या. मामांनी आणलेला चहा तसाच राहिला. पण त्यावरून काही ताडायचं बळ ताईत उरलं नव्हतं. जाताना बाईंनी तिच्याशी हात मिळवला. होकार नाही, नकार नाही. तरुण गाडीत बसल्या बसल्या फोनवर काहीतरी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. “पाहुण्यांसमोर सरकारी दगड फोडलात?”

“हो सर.”

“विनापरवानगी?”

“हो सर.”

“ही फेरी संपू दे,” साहेब म्हणाले, “मग बघतो तुमच्याकडे.”

घरी धाकट्याला सांगायचं त्याहून अवघड होतं. तो गच्चीत होता, पाण्याच्या टाकीचा बोल्ट घट्ट करत. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पावडर, शर्ट, हातोडी, बोटभर पट्टा. तो ऐकत होता आणि पान्हा फिरवत होता, बोल्ट घट्ट झाल्यावरही फिरवत होता.

“काल का नाही सांगितलंस?”

“तू राहावंस म्हणून.”

“आणि मी सकाळी त्यांना ‘नाही’ कळवून टाकलं.” त्यानं पान्हा टाकीवर आपटला. “एका साबणावर!”

खुर्चीत बसून गप्प राहिलेला तो वरचा कुणीतरी, एका रात्रीपुरती का होईना, तीच झाली होती.

त्यानं तिकडे फोन लावला, विनवण्या केल्या. त्यांनी घेतलं परत, पण पहिली जागा भरली होती; आता मिळाली ती आणखी दूरच्या, आणखी थंड पाण्यावरची रिग. त्यानं सही केली. जायच्या दिवसापर्यंत तो ताईशी कामापुरतंच बोलला. आई दोघांमध्ये ताटं मांडत राहिली, एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवत राहिली: “तिला म्हणावं मीठ दे. त्याला म्हणावं हात आहेत ना तुला.” बॅग गाडीत ठेवताना मात्र धाकट्याला कुठून कोण जाणे हसू फुटलं. “दगडांना आंघोळ!” तो म्हणाला, “निळ्या दाण्यांच्या पावडरीनं!” आणि हसता हसता त्यानं ताईच्या डोक्यावर टपली मारली. त्या हसण्यात आई सामील झाली नाही. ती गाडीच्या खिडकीची काच हातानं पुसत होती, काच स्वच्छ असूनही.

मग निविदा उघडायचा दिवस आला. कॅमेरे आले. साहेबांनी पेटी उघडली, हात आत घातला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून ताईनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. साहेबांनी एक लिफाफा बाहेर काढला आणि हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ उंच धरला.

त्याच कंपनीचा. त्याच ब्लॉकसाठी. पण आत विहीर खणायचं वचन नव्हतं. आधी जहाज आणून सगळा तळ नव्यानं ऐकायचा, आणि खणायचं की नाही ते त्यानंतर बघायचं, एवढंच लिहिलं होतं. बाहेर पडताना साहेब तिच्या शेजारून गेले आणि समोर बघतच म्हणाले, “त्या दगडाचं नंतर बघू.”

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा घों-घों आवाज, लोखंडाचा खणखणाट.

“ऐकलं मी. आले म्हणे!”

“आले.”

“खणणार?”

“आधी ऐकणार. मग ठरवणार.”

“म्हणजे होही नाही नि नाहीही नाही.”

“तेच.”

वारा मध्येच त्याचे शब्द उडवून नेत होता. “इथे नको झालंय गं,” तो म्हणाला. “फार थंडी. माणसं बोलत नाहीत. दंड भरून करार मोडता येतो म्हणतात. येऊ का? जहाज आलं की विहीर येईलच ना मागोमाग? तू सांग. तू म्हणशील तसं करतो.”

आई शेजारी येऊन उभी होती. जीव कानात गोळा करून. ताईच्या जिभेवर एकच शब्द होता, अगदी छोटा, एका अक्षराचा. तो उच्चारला असता तर उद्या घराचं दार वाजलं असतं. तिला तो बोटभर पट्टा दिसला, कसाबसा उजळलेला. त्यावर घर बांधता येईल का, हे तिला ठाऊक नव्हतं, बाईंना ठाऊक नव्हतं, अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

“येऊ नकोस अजून,” ती म्हणाली.

तिकडे नुसता वारा. तिला वाटलं फोन कटला.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “आईला दे. तिला मी सांगतो, तू नको सांगूस.”

तिनं फोन आईच्या हातात दिला. आईनं तो कानाला लावला, पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं, आणि आज पहिल्यांदाच आधी त्याला बोलू दिलं.